टाळी आणि संमती

प्रशांत दळवी यांचे ‘चारचौघी’ १९९१ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. दोघेही तेव्हाच्या औरंगाबादेतील ‘जिगीषा’च्या मुशीत घडलेले. विवाहित पुरुषाशी नाते ठेवून मुलींना वाढवणारी आई आणि तिच्या तीन मुली, असे हे चार स्त्रियांचे घर. प्रेक्षकांच्या स्मरणात ठळकपणे राहिला तो वंदना गुप्ते यांच्या विद्याचा नवऱ्याशी झालेला दीर्घ दूरध्वनी-संवाद. २०२२ च्या पुनरुज्जीवनात मुक्ता बर्वे यांच्या त्याच प्रवेशाला भरभरून टाळ्या मिळाल्या.

या टाळीचा अर्थ काय लावावा? आम्हांला वाटते, फसवल्या गेलेल्या पत्नीची बाजू घेणे प्रेक्षकाला तुलनेने सोपे असते. तिथे अन्याय उघड असतो. धाकटी विनी मात्र एकाच वेळी दोन पुरुषांसोबत संसार मांडू पाहते. ती अन्यायाची दाद मागत नाही, निवडीचा हक्क मागते. इथे सहानुभूती पुरत नाही. प्रेक्षकाला स्वतःचे मतच तपासावे लागते. ३१ वर्षांनीही तो प्रश्न जुना झालेला नव्हता. म्हणूनच अशा नाटकांच्या स्वागताचा इतिहास लिहिताना टाळ्यांइतकीच अवघडलेल्या शांततेचीही नोंद आपण घ्यायला हवी.