पॅलेस जळाला, स्थानक मागे राहिले

हाइड पार्कातील १८५१ च्या प्रदर्शनाचे काचेचे दालन, अर्थात क्रिस्टल पॅलेस, १८५४ मध्ये दक्षिण लंडनजवळच्या सिडनहॅम टेकडीवर नव्याने उभे राहिले. त्याच वर्षी उताराखाली रेल्वे आली; प्रेक्षकांना मात्र तेथून चढण चढावी लागे. ही उणीव प्रतिस्पर्धी कंपनीने हेरली. 'लंडन, चॅथम अँड डोव्हर'ची गाडी १ ऑगस्ट १८६५ रोजी थेट पॅलेसच्या दारात पोहोचली. स्थानकाचे नाव पुढे पडले 'हाय लेव्हल'.

एडवर्ड बॅरी यांनी रचलेली ही वास्तू उपनगरी स्थानकाच्या मानाने अवाढव्यच. रस्त्याखालून पॅलेसकडे नेणारा भुयारी मार्ग तर चर्चच्या तळघरासारखा. लाल व फिकट विटांचे अष्टकोनी खांब आणि वर पंख्यासारख्या उलगडणाऱ्या कमानी. तो इटलीच्या कारागिरांनी बांधला, असे सांगतात. आख्यायिका सुंदर आहे. तिला पुरावा नाही. याच फाट्यावरील लॉर्डशिप लेन स्थानक कामिल पिसारोने १८७१ मध्ये चितारले.

३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री पॅलेस जळाला. स्थानकाच्या अंताचे सारे खापर या आगीवर फोडणे सोयीचे आहे. परंतु उताराखालचे जुने स्थानकही पॅलेससाठीच बांधलेले, आणि ते आजही चालू आहे! त्याचे मार्ग पुढे इतरत्र जात होते. हाय लेव्हल हे फाट्याचे शेवटचे टोक. १९२५ चे विद्युतीकरणही त्याला तारू शकले नाही. २० सप्टेंबर १९५४ पासून सेवा बंद झाली, १९६१ मध्ये इमारत पाडली गेली. भुयार तेवढे उरले. महायुद्धातील हवाई हल्ल्यांत रहिवाशांनी त्यातच आसरा घेतला होता.