सोळा वर्षांचा ऋषी आणि सोलापूरचे माग

नारळी पौर्णिमेला सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली खडखड थांबते. टॉवेल आणि चादरी विणणारे बहुतेक यंत्रमाग त्या दिवशी बंद असतात, कारण शहरात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. पद्मशाली या विणकर समाजातले पुरुष सकाळी जानवे बदलतात आणि आपल्या मूळपुरुषाच्या दर्शनाला जातात.

या मूळपुरुषाच्या कपाळी मरण लिहिलेले होते. मृकंडू ऋषींना मूलबाळ नव्हते. शंकराने त्यांना विचारले, दीर्घायुषी पण मंदबुद्धी मुलगा हवा, की गुणी पण सोळाच वर्षे जगणारा? त्यांनी गुणी मुलगा मागितला. मुदत भरली, यम आला आणि मार्कंडेयाने पिंडीला घट्ट मिठी मारली. यमाने टाकलेला फास पिंडीवरही पडला. त्याच क्षणी शंकर पिंडीतून प्रकटले, त्यांनी यमाला लाथेने लोळवले आणि मुलाला चिरंजीव केले.

वेरूळच्या 15व्या लेण्यात हा प्रसंग कोरलेला आहे. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठी मार्कंडा येथे या ऋषीच्या नावाचा मोठा मंदिरसमूह आहे, तर वणीच्या सप्तशृंगी गडासमोर मार्कंडेय डोंगर उभा आहे. ज्याला सतरावे वर्ष लागणार नव्हते, त्याच्या नावावर अख्खे पुराण झाले. देवीमाहात्म्य त्यातलेच.

पद्मशालींची परंपरा कथा आणखी पुढे नेते. मार्कंडेयांच्या यज्ञातून भावनाऋषी प्रकटले आणि त्यांनी कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणले, असे ती सांगते. देवाने जीवदान दिले ते कशासाठी, याचे या समाजाचे उत्तर असे थेट मागापाशी येऊन पोचते.

या उत्तराची कसोटी लागली ती दुष्काळात. तेलंगणातले विणकर कोरड्या शेतीला आणि बुडत्या हातमागाला कंटाळून सोलापूरची वाट धरू लागले. इथे 1877 मध्ये पहिली कापड गिरणी, म्हणजे आजही लोकांच्या तोंडी असलेली ‘जुनी मिल’, निघाली. काही जण गिरणीत लागले, काहींनी घरातच खड्डामाग टाकला. विणकराने खड्ड्यात पाय सोडून बसायचे, पायाने पट्टी दाबून ताण्याचे धागे वरखाली करायचे, मधल्या फटीतून धोटा फेकायचा. मुलांनी कांड्या भरायच्या. बायका विड्या वळून घराला हातभार लावत. आजही कुंभारीच्या विडी घरकुलात हे काम चालते.

पुढे गिरण्या बंद पडल्या, माग मात्र टिकले. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले आणि जेकार्डवरची नक्षीदार सोलापुरी चादर घराघरांत गेली. भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या वस्तूंमध्ये तिचा मान आहे. समाजाने शाळा काढल्या; कुचन प्रशाला आणि बुर्ला महिला महाविद्यालय ही नावे सोलापुरात कुणालाही ठाऊक आहेत. 1980 ते 1998 या काळात लोकसभेत सोलापूरचे प्रतिनिधित्व गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल आणि लिंगराज वल्याळ या तिघा पद्मशालींनी केले. पोटासाठी गाव सोडून आलेल्यांची नातवंडे-पतवंडे संसदेत पोचली.

याला दैवी कृपा म्हणायचे का? रथ ओढणारा विणकर नि:संकोच हो म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोटे ठरवण्याचे कारण नाही. पण त्याच कथेत मुलगा पिंडी सोडत नाही, हेही तितकेच खरे. कृपा झाली ती हात घट्ट धरून ठेवणाऱ्यावर.

मात्र सगळ्यांच्या वाट्याला ती आली नाही. 18 मे 2025 रोजी याच अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागून मालकासह 8 जणांचा जीव गेला. त्यांत लहान मूलही होते. यमाचा फास चुकवणाऱ्या ऋषीला पुजणाऱ्या शहराने इतके तरी करायला हवे: प्रत्येक कारखान्याला बाहेर पडायची दुसरी वाट हवी, कामगारांच्या राहण्याची सोय मागांपासून वेगळी हवी आणि अग्निसुरक्षेची तपासणी दरवर्षी, कागदावर नव्हे तर जागेवर जाऊन, झाली पाहिजे.