कुऱ्हाड तीच, हक्क बदलत गेला

पावसाच्या आत जळण फोडून रचायचे दिवस आलेत. म्हणून आज पिकाचं बाजूला ठेवतो आणि कुऱ्हाडीविषयी लिहितो.

संगमनेरजवळच्या जोर्वे गावात तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्यात. तिथं 1950-51 साली उत्खनन झालं. त्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या. दांडा घालायला भोक नाही, नुसता चपटा तुकडा. त्यानं झाड तुटत असेल, पण बाभळीचा ओंडका फुटला असेल असं मला वाटत नाही. तांबं मऊ, धार दुमडणार.

पुढं विदर्भात लोखंड आलं. नागपूरकडं नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली, इसवी सनाच्या आधी सुमारे 700 वर्षांची. तिथल्या आणि माहूरझरीच्या दगडी वर्तुळांत माणसाबरोबर कुऱ्हाडीही पुरलेल्या आहेत. यांनाही भोक नाही, पातं दांड्याला लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं. मेल्यावरही सोबत द्यावी एवढी किंमत होती तिला.

भोकाची कुऱ्हाड आली आणि गावच्या लोहाराचं ते कायमचं काम झालं. धार काढायची, पाणी पाजायचं, त्याबदल्यात सुगीला बलुतं. जुन्या घरांत दोन कुऱ्हाडी असायच्या. तोडायची पातळ, ती लाकडात खोल जाते. फोडायची जाड आणि बोथट, ती लाकूड दोन्हीकडं ढकलते. पातळीनं फोडायला गेलं की ती रुतून बसते, मग दांडा हलवून हलवून मोडतो. दांडा धावड्याचा चांगला. मोठ्या ओंडक्याला कुऱ्हाडीनं नुसती चीर पाडायची, त्यात पाचर बसवायची आणि वरून घण. घाव गाठीवर नाही, गाठ चुकवून रेघेवर. बाभूळ ओली आहे तवर फोडावी, वाळली की दगड. चिंचेच्या नादी लागू नये, तिची रेघ पिळलेली असते. बारीक फाट्याला कुऱ्हाड कशाला? लाकूड उभं धरून त्यावर कोयता टेकवायचा, लाकडात जरा बसला की हात काढून कोयत्याच्या पाठीवर दांडक्यानं टोले द्यायचे. भर पावसात बाहेरून भिजलेलं लाकूड असं चिरलं की आतला गाभा कोरडा निघतो, त्याच्या ढलप्यांवर चूल पेटते. आमच्याकडच्या बाया हे काम गड्यांपेक्षा सफाईनं करायच्या.

हत्यारात एवढंच. खरा फरक पडला तो 1878 च्या जंगल कायद्यानं. सरकारनं डोंगर राखीव केले आणि ज्या लाकडाला कुणी विचारत नव्हतं ते तोडणं गुन्हा झालं. महात्मा फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं, त्यात जंगल खात्यानं डोंगर-गायरानं घेतल्याची तक्रार आहे. मग 1927 चा कायदा. त्याच्या 52 व्या कलमात गुन्ह्यातलं लाकूडच नाही, तर हत्यारं, गाड्या, जनावरंसुद्धा जप्त करता येतात. म्हंजे बैलगाडी घेऊन सरपणाला गेलेल्या माणसाची मोळी, कुऱ्हाड आणि बैलजोडी एका दिवसात जाऊ शकत होती. बैल गेला तर पेरणी गेली.

म्हणून 1930 च्या जंगल सत्याग्रहात शेतकरी नि आदिवासी एवढ्या संख्येनं उतरले. मिठाचा कायदा समुद्राकाठी मोडता येत होता, आमच्यासारख्या आतल्या मुलखाला जंगल होतं. पुसदला बापूजी अणे यांनी राखीव रानातलं गवत कापून अटक करून घेतली. उरणजवळ चिरनेरला 25 सप्टेंबरला लोक अक्कादेवीच्या रानात झाडं तोडायला गेले, तिथं गोळीबार झाला, माणसं गेली. शाळेच्या पुस्तकात दांडीला पानं मिळतात, चिरनेरला दोन ओळी. हे मला खटकतं.

स्वातंत्र्यानंतरही प्रश्न मिटला नाही. 1964 च्या वृक्षतोड कायद्यानं साग, आंबा, चिंच, मोह स्वतःच्या बांधावर असला तरी तोडायला परवानगी लागते. झाडं राहावीत म्हणून केलं, ते पटतंही. पण वाऱ्यानं पडलेल्या आंब्यासाठी हेलपाटे घालायचे म्हंजे जळणाच्या किमतीपेक्षा एसटीचं भाडं जास्त.

आता 2016 पासून उज्ज्वलाची टाकी घरोघरी आली, तरी टाकी भरायच्या पैशाला अडलं की चूल पेटतेच. अंघोळीचं पाणी तर आमच्याकडं अजून लाकडावरच. घण माळ्यावर गेला, पाचरी भंगारात गेल्या. कुणाकडं जुनी जाड कुऱ्हाड असेल तर तिचा फोटो टाका, आणि फोडायच्या कुऱ्हाडीला तुमच्या भागात वेगळं नाव असेल तर तेही लिहा.