मेंदूतली सूज आणि डब्यातली हळद: अल्झायमरच्या शोधाची एक गोष्ट

"हळदीच्या कॅप्सूल दिल्या तर आईचं विसरणं थांबेल का हो?" मीरा-भाईंदरसारख्या शहरात हा प्रश्न मेडिकलच्या काउंटरवर सहज विचारला जातो. मुलं-सुना सकाळची लोकल पकडून चर्चगेटकडे निघून जातात आणि म्हातारं माणूस दिवसभर फ्लॅटमध्ये. मग वाटतं, निदान एखादी गोळी तरी द्यावी. उत्तर एका शब्दात देता येईल, पण त्यामागचा इतिहास कळला तर ते जास्त पटेल.

सुरुवात जर्मनीतून. 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. तिला तपासणारे डॉक्टर होते आलोइस अल्झायमर. 1906 मध्ये ती वारली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत अल्झायमरनी तिच्या मेंदूत काय दिसलं ते सांगितलं: पेशींबाहेर साचलेला थर आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. हे दोन्ही आज सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांनी तिसरी गोष्टही टिपली होती. चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशीसुद्धा बदलल्या होत्या. ती नोंद पुढे बरीच वर्षं मागे पडली.

1910 मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. योगायोग बघा, त्याच वर्षी हळदीतल्या पिवळ्या द्रव्याची, म्हणजे कर्क्युमिनची, रासायनिक रचना उलगडली. या दोन गोष्टी एकमेकींना भेटायला मात्र नव्वद वर्षं जायची होती.

1919 मध्ये स्पेनच्या रिओ-ओर्तेगा यांनी मायक्रोग्लिया ही वेगळी पेशी ओळखली. मेंदूची राखणदार आणि सफाई कामगार, दोन्ही तीच. 1980 च्या दशकात व्हँकुव्हरच्या मॅकगीर दांपत्याला रुग्णांच्या मेंदूत या राखणदार पेशी चिडलेल्या अवस्थेत दिसल्या. 1989 मध्ये अमेरिकेत स्यू ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा मेंदूत इंटरल्युकिन-1 वाढलेलं असतं. हा सायटोकाइन जातीचा रेणू. अंगात कुठे जंतू शिरले, जखम झाली, की पेशी एकमेकींना अशा रेणूंनी हाका मारतात आणि तिथे दाह सुरू होतो. ती हाक थांबलीच नाही तर आजूबाजूच्या चांगल्या पेशीही भरडल्या जातात.

मग साधा तर्क आला: दाह कमी करा, आजार टळेल. 1990 मध्ये मॅकगीर यांनी लिहिलं की संधिवाताच्या रुग्णांत अल्झायमर अपेक्षेपेक्षा कमी दिसतो, कदाचित त्यांच्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांमुळे. केवढी आशा निर्माण झाली! 2001 मध्ये अमेरिकेत मोठी चाचणी सुरू झाली. घरात अल्झायमर असलेली, सत्तरीपुढची अडीच हजारांवर माणसं. कुणाला नॅप्रोक्सेन, कुणाला सेलेकॉक्सिब, कुणाला नुसती खोटी गोळी. हृदयाला धोका असल्याच्या शंकेनं डिसेंबर 2004 मध्ये गोळ्या थांबवल्या. बचाव झाल्याचं काही दिसलं नाही.

आता हळद. 1995 मध्ये हळदीनं जखम भरण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं. आपले रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. संस्थेनं जुन्या ग्रंथांचे पुरावे देत लढा दिला आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. आपली हळद आपल्याकडेच राहिली. मग 2001 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांना कर्क्युमिन खाऊ घातलं, तर इंटरल्युकिन आणि अमायलॉइडचा थर, दोन्ही कमी झाले. त्याच वर्षी हरियाणातल्या बल्लभगढच्या पाहणीत अल्झायमर फार कमी आढळला. झालं! लोकांनी दोन बातम्या जोडल्या आणि श्रेय फोडणीतल्या हळदीला दिलं. खुद्द अभ्यासकांनी मात्र कमी आयुर्मान आणि आजारानंतर लवकर येणारा मृत्यू, अशी कारणंही पुढे ठेवली होती.

माणसांवर काय झालं? हाँगकाँग आणि अमेरिकेत रुग्णांना कर्क्युमिन देऊन छोट्या चाचण्या झाल्या. फायदा दिसला नाही. कारण सोपं आहे. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं शिरतं, आणि मेंदूपर्यंत त्याहून कमी.

दाहाची कल्पनाच चुकीची होती का? नाही. 2013 मध्ये ट्रेम-2 या जनुकातला एक दुर्मीळ बदल सापडला. तो असेल तर अल्झायमरचा धोका जवळपास तिप्पट होतो. हे जनुक मायक्रोग्लियाच्या कामाचं, आणि या बदलामुळे त्यांचं सफाईचं काम ढिलं पडतं. म्हणजे राखणदार जास्त चिडला तरी नुकसान, आणि कामचुकार झाला तरी नुकसान. सरसकट दाह दाबणाऱ्या गोळ्या का चालल्या नसतील, याचा अंदाज इथे येतो.

तर मंडळी, भाजी-आमटीत हळद घाला, खुशाल घाला. पण जास्त ताकदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता देऊ नका. त्यानं काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सूज उतरवणाऱ्या गोळ्या तर विसरण्यावर देऊच नका. त्याआधी बी-12 आणि थायरॉइड तपासा. आपल्याकडे शाकाहारी घरं पुष्कळ, आणि बी-12 कमी पडलं तरी माणूस विसरायला लागतो. ते भरून काढता येतं. रक्तदाब, साखर, कमी ऐकू येणं, एकटेपणा, याकडेही बघा. आईला कानाचं यंत्र लागत असेल तर कॅप्सूलचे पैसे तिकडे वळवा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार!