जागल्याचा माग आणि गुन्हेशोधाचा पेशा

पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल सिद्ध केला, त्यात दख्खनमधील गावोगावच्या गुन्हेशोधाची पद्धत तपशिलाने नोंदलेली आहे. पगारी पोलीस येण्यापूर्वी हे काम पाटलाच्या हाताखालील जागल्याकडे, म्हणजे गावाचा रात्रपहारा सांभाळणाऱ्या माणसाकडे असे. उत्तरेकडे ते बहुधा भिल्लांकडे, तर दक्षिणेकडे रामोशांकडे होते. त्याचा मोबदला घरोघरच्या धान्यातील हिश्शाच्या रूपाने मिळत असल्यामुळे तो प्रत्येक उंबरठ्यावर जाई आणि कोणाची चालचलणूक कशी, गावात नवखा कोण आला, हे त्याला आपोआप कळत राही.

चोरी झाली की तो पावलांचा माग काढीत निघे. हा माग शिवेपलीकडे, म्हणजे गावाच्या हद्दीबाहेर, शेजारच्या गावात पोहोचल्याची तेथील जागल्याची खात्री पटली, तर पहिल्याची जबाबदारी संपे आणि पुढचा शोध दुसऱ्याने हाती घ्यावा लागे. माग जेथे खुंटे, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार धरले जाई. भरपाई आधी जागल्याने ऐपतीप्रमाणे करावी आणि उरलेली गावावर बसवावी, असा दंडक होता, जरी पूर्ण रक्कम क्वचितच वसूल केली जाई. ही व्यवस्था गरीब जागल्यावर अन्याय करणारी होती, हे खरे; परंतु पुरावा ज्याला मान्य करायचा त्याचेच नुकसान व्हायचे असल्याने तो कसून पारखला जाई, हे तिचे मोठे बळ होते.

ही पारख पुढे शास्त्राकडे गेली. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले. एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील वर्गीकरणात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या हिंदी अधिकाऱ्यांचा मोलाचा वाटा होता. दहा बोटांच्या ठेवणीवरून प्रत्येक पत्रक १,०२४ खणांपैकी एका खणात पडे, त्यामुळे नाव बदललेला जुना गुन्हेगारही सापडू लागला. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने प्रत्येक प्रांतात स्वतंत्र गुन्हे अन्वेषण विभागाची शिफारस केल्यावर गुन्हेशोध हा प्रशिक्षण, वेतन आणि बढती असलेला स्वतंत्र पेशा बनला.

वेतनामुळे शोधकर्त्याच्या डोक्यावरील भरपाईची टांगती तलवार दूर झाली, हा न्यायच झाला. मात्र ज्याचे चोरीला गेले त्याला ते परत मिळवून देण्याचे उत्तरदायित्वही त्याबरोबर सैल झाले. म्हणूनच या पेशाचा इतिहास ठसे आणि खात्यांपासून सुरू न करता, ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात राहिली नाहीत त्या जागल्यांपासून सुरू करणे उचित ठरते.