विजेची मोटार : शर्यत कुठे हरली?

विजेवर चालणारी मोटार ही अलीकडची गोष्ट आहे, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती पेट्रोलच्या मोटारीच्या पिढीचीच आहे. २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ कामीय झेनात्सी या बेल्जियन चालकाने रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथमच ओलांडला, तो विजेच्या मोटारीतून. १९०० च्या सुमारास अमेरिकेत एका वर्षात तयार झालेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी जवळजवळ १,६०० विजेच्या होत्या. पेट्रोलच्या हजारही नव्हत्या, उरलेल्या वाफेच्या.

तिचे फायदे तेव्हाही लोकांना ठाऊक होते. धूर नाही, खडखडाट नाही, गिअर बदलायला नको, सुरू करताना हँडल मारायला नको. मग ती मागे का पडली?

दोष मोटरचा नव्हता, ऊर्जेच्या साठ्याचा होता. शिशाच्या एक किलो बॅटरीत आजही साधारण ३० ते ४० वॉट-तास ऊर्जा मावते. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,०००. इंजिन त्यातील जेमतेम पाव हिस्सा कामी लावते, तर विजेची मोटर दहातील नऊ भाग. हा फरक जमेस धरला तरी वजनाला वजन पेट्रोल सुमारे शंभरपट सरस ठरते. त्यात १९०८ साली फोर्डची ‘मॉडेल टी’ आली आणि पुढे स्वस्त होत गेली. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल गेले. विजेच्या मोटारीच्या पराभवाला एका छोट्या विजेच्या मोटरनेच हातभार लावला!

जिथे साठा वाहून न्यावा लागत नव्हता, तिथे मात्र वीज जिंकली. मुंबईत १८७४ पासून घोडे ट्राम ओढत. १९०७ साली विजेची ट्राम आली व ती १९६४ पर्यंत धावली. १९२५ साली व्ही.टी. ते कुर्ला विजेची रेल्वे सुरू झाली. दोन्हींना वीज डोक्यावरच्या तारेतून मिळे.

रस्त्यावरच्या मोटारीचा प्रश्न सुटू लागला तो १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आल्यावर. तिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आता एका किलोत २०० वॉट-तासांहून अधिक ऊर्जा साठवता येते. शिवाय वेग कमी करताना मोटरच जनित्र बनते आणि एरवी ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत येतो.

“पण वीज कोळशापासूनच येते ना?” असे विद्यार्थी विचारतील. प्रश्न रास्त आहे. भारतात अजूनही विजेचा मोठा भाग कोळशापासून मिळतो. तेवढ्यापुरता धूर रस्त्यावरून वीजकेंद्राच्या चिमणीकडे जातो. पण पेट्रोलची मोटार आयुष्यभर इंधन जाळतच राहते. विजेच्या मोटारीचे तसे नाही. उद्या तीच वीज सूर्यापासून किंवा वाऱ्यापासून मिळू लागली, की एकही सुटा भाग न बदलता आजची गाडी अधिक स्वच्छ होते. शंभर वर्षांपूर्वी तिला साठ्याने हरवले. आता तिचा खरा लाभ किती, हे वीज कुठून येते यावर ठरेल.