धाव, डनलॉप आणि आमची स्टेपनी

गेल्या महिन्यात चार दिवस नगरला जाऊन आलो. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर. पण आमच्या घरात अजून 'नगर'च चालतं, जिभेची सवय जाता जात नाही.) कारण म्हटलं तर अगदीच किरकोळ. अंगणात कित्येक वर्षं विटांवर उभी असलेली जीप भाच्याला चालू करायची होती. इंजिनाचं काम मेकॅनिककडून झालं, पण टायर मात्र आपणच घरी बदलायचे, असा त्याचा हट्ट. "मामा, त्यात काय एवढं? दोन टॉमी आणि एक जॅक!"

त्यात काय एवढं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अण्णांना माहीत होतं. पण ते नंतर.

टायर बदलणं म्हटलं की मला आधी जीप आठवत नाही, पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावची लोहाराची जागा आठवते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते तिला 'धाव' म्हणतात. हा शब्द आता शहरातल्या पोरांना फक्त क्रिकेटमधला माहीत! उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसलं की धाव सैल होऊन खडखडायला लागायची. तात्पुरता उपाय म्हणजे चाक रात्रभर पाण्यात टाकून ठेवायचं, म्हणजे लाकूड फुगतं. तेवढ्यानं भागलं नाही तर लोहार धाव उतरवायचा, थोडी कापून, पुन्हा सांधून, चाकापेक्षा किंचित लहान करायचा. मग जमिनीवर गोवऱ्यांचं कडं रचून त्यात ती लालभडक तापवायची. तापली की लोखंड वाढतं. दोघातिघांनी सांडशीनं उचलून ती चाकावर टाकायची, घणानं बसवायची, लाकूड पेट घेतंय न घेतंय तोच घागरीनं पाणी ओतायचं. चर्रर्र आवाज, वाफेचा ढग, आणि आकसणारी धाव सगळे आरे तुंब्यात आवळत जाताना येणारा लाकडाचा करकर आवाज... आम्ही पोरं तोंड उघडं टाकून बघायचो. इंग्रजीतला 'टायर' शब्दही मूळचा याच लोखंडी पट्टीचा. तो 'अटायर' म्हणजे पोशाख या शब्दावरून आला असं सांगतात. त्यांना चाकाला नेसवलेलं वस्त्र दिसलं, आपल्याला धावणं दिसलं.

हवेचा टायर फार नंतरचा. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं १८४५ साली त्याचं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा ना सायकली होत्या ना मोटारी, त्यामुळे लोक ते विसरूनही गेले. मग १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन डनलॉपनं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तो नव्यानं शोधून काढला. हा डनलॉप पेशानं गुरांचा डॉक्टर, आणि त्याच्याच नावाचे टायर पुढे आमच्याकडच्या बैलगाड्यांना लागले, हा योगायोग मला फार आवडतो. १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला डनलॉपचा कारखाना निघाला. १९५० च्या सुमाराला लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यामागोमाग जिल्ह्यात इतर कारखाने आले, आणि ऊस वाहायला रबरी चाकांच्या गाड्या लागल्या. तिला लोक टायरगाडी म्हणायचे, कुणी नुसतंच 'डनलॉप'. बैलांना ओढायला हलकी, रस्त्याला चाकोऱ्या पाडत नाही. पण तिनं लोहाराचं काम काढून घेतलं आणि पंक्चरवाल्याला दिलं. आमच्याकडे बाभळीच्या काट्यांची काय टंचाई!

खरी गंमत डनलॉपच्या पुढची आहे. त्याचा टायर चाकाला चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की उकलायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा चिकटवून रात्रभर वाळवायचा. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंकडे असाच एक सायकलवाला आला, त्या खटाटोपाला ते वैतागले आणि १८९१ मध्ये त्यांनी काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत तो टायर लावलेल्या सायकलस्वारानं जिंकली. म्हणजे 'टायर आपला आपण बदलावा' या कल्पनेचं वय जेमतेम एकशे पस्तीस वर्षं.

आणि स्टेपनी! वेल्समध्ये लानेथ्ली गावी स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमाराला जादा चाक विकायला सुरुवात केली. त्याला आरे नव्हते, नुसती हवा भरलेल्या टायरची रिंग. पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूला ती आवळायची आणि पुढं जायचं. त्या रस्त्याचं नाव आज इंग्लंडात कुणी जादा चाकाला देत नाही, पण नगर-पुणे रस्त्यावरचा कुठलाही ड्रायव्हर दिवसातून दोनदा घेतो.

असो. जीपकडे येतो.

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात राहिलेल्या कितीतरी गाड्या लिलावात गेल्या. स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबईत महिंद्रांनी विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या. तेव्हा कंपनीचं नाव होतं महिंद्र अँड महंमद. त्यातले गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये इथल्या कंपनीचं नाव बदललं. नगर तर लष्कराचंच गाव: रणगाडा दलाचं केंद्र आणि शाळा इथं, लष्करी वाहनांची संशोधन संस्था इथं, १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालयही इथं. अशा गावात जुनी 'डिस्पोजलची जीप' एखाद्याच्या दारात असणं यात नवल काहीच नव्हतं. अण्णा आणि तात्याकाकांनी मिळून १९७४ मध्ये तिसऱ्या-चौथ्या हाताची घेतली. बहात्तरच्या दुष्काळात गावात जीप आली म्हणजे साहेब आला, असं समीकरण होतं. त्यामुळे आमच्या दारात जीप उभी राहिली तेव्हा आजी आधी घाबरलीच होती म्हणे. :)

तर भाच्यानं आणि मी कामाला सुरुवात केली. पहिला दणका नटांनी दिला. उजवीकडचे पाचही निघाले, डावीकडचा एकही हलेना. पान्ह्यावर उभं राहिलो, पाइप लावला, रॉकेल ओतलं. शेवटी ओसरीवरून अण्णांचा आवाज आला, "डावीकडचे उलट्या आट्यांचे आहेत रे. आवळताय तुम्ही." जुन्या जीपांना डाव्या चाकांचे नट उलटे फिरतात, गाडी चालताना आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून. गाडी चार विटा चढवून ठेवणाऱ्या माणसाला हे सत्तेचाळीस वर्षांनंतर आठवत होतं.

टायर रिंगेपासून सोडवणं हे दुसरं प्रकरण. वर्षानुवर्षांच्या गंजानं टायरची कड रिंगेला चिकटून बसते. दुकानात त्याला मशीन असतं. घरी आम्ही टायर जमिनीवर आडवा ठेवला, त्याच्या कुशीवर रिंगेला लागून जॅक उभा केला आणि जॅकचं डोकं भाच्याच्या गाडीच्या चेसिसखाली लावलं. जॅक चढवत गेलो की गाडीचं वजन टायरवर येतं आणि कड 'फट्' करून खाली बसते. मग साबणाचं पाणी आणि टॉमी. युक्ती ताकदीची नाही. रिंगेच्या मध्यभागी एक खोलगट पन्हळ असते. टायरच्या कडेत तार असते, ती ताणत नाही. समोरच्या बाजूची कड पायानं त्या पन्हळीत दाबून ठेवली तरच अलीकडची बाजू वर येते. चार्ल्स वेल्च नावाच्या माणसानं १८९० मध्ये शोधलेली ही गोष्ट आहे, आणि आम्ही पहिल्या टायरला दीड तास ती विसरून झगडलो. चौथा वीस मिनिटांत झाला. नव्या ट्यूबला टाल्कम पावडर लावली, अंगणभर वास.

राहिली स्टेपनी. ती वेगळी निघाली. तिची रिंग अखंड नव्हती, दोन अर्धी एकमेकांना नटांनी जोडलेली, लष्करी पद्धतीची. टायर फुटला तरी कड जागची हलू नये म्हणून केलेली. मी म्हटलं, ही तर सोपी, नट काढले की झालं. पान्हा लावला आणि अण्णा काठी न घेता ओसरीवरून खाली आले. वय ब्याऐंशी.

"हात काढ," म्हणाले. एवढंच.

आमच्या नात्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे की तात्याकाकांच्या उजव्या हाताची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली. लहानपणी आम्हा भावंडांना कडबाकुट्टीजवळ जाऊ न देण्यासाठी तोच दाखला दिला जायचा. ते खरं नाही. १९७८ च्या पावसाळ्यात याच अंगणात, याच जातीच्या रिंगेचे नट तात्याकाका काढत होते. हवा सोडायचं काम अण्णांचं. त्यांनी पिन दाबून हवा सोडली, फुसफुस थांबली, आणि "झाली, खोल" म्हणाले. व्हॉल्व्ह चिखलानं बुजला होता. आत हवा होती. शेवटचे दोन नट ढिले झाले आणि रिंगेचं वरचं अर्धं उडालं.

कडबाकुट्टीची गोष्ट तात्याकाकांनीच दवाखान्यात जाताना रचली. आजीला, काकूला, सगळ्यांना तीच सांगितली, आणि १९९९ मध्ये जाईपर्यंत बदलली नाही. अण्णांनी त्यानंतर जीपच्या चाकाला हात लावला नाही. चाकं काढायला माणूस बोलावला, गाडी विटांवर गेली. आम्हाला वाटायचं पेट्रोल परवडत नाही म्हणून. काकू, हे तुम्ही वाचत असाल. अण्णांना विचारूनच लिहिलंय. "लिही, आता लिही," म्हणाले.

स्टेपनीची हवा त्यांनी स्वतः सोडली. व्हॉल्व्हमधली पिन पान्ह्यानं पूर्ण काढून खिशात ठेवली. मग सायकलच्या आऱ्याची तार मागितली, ती व्हॉल्व्हमधून आत घालून तीनचारदा फिरवली. कान जवळ नेला. टायरवर गुडघा ठेवून दाबला, पुन्हा तार घातली. बराच वेळ. भाचा मोबाइल काढून व्हिडिओ घेणार होता, त्याला मी खुणेनं नको म्हटलं.

"आता खोल," अण्णा म्हणाले. "पण समोर बसू नको, बाजूला हो."

मी बाजूला बसून एकेक नट थोडा थोडा ढिला केला. काही झालं नाही. रिंगेचं वरचं अर्धं निघालं, आतली ट्यूब चिकटून तुकडे झालेली होती. अण्णांनी नट आजीच्या जुन्या पितळी ताटलीत ठेवून मोजले, दोनदा, आणि चहा टाका म्हणून आत सांगितलं.